ह्यांच्या वाटचं ऐकणं

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सगळ्या बायका एकाच वेळी वाकलेल्या दिसतात. अशाच एका संध्याकाळी मी शाळेच्या ऑफिसातून येऊन, पदर खोचून पिंपाला पाइप लावत होते, तेवढ्यात जिन्यावरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, ये की वर. आता येईल."

"पाणी आलंय," मी म्हटलं.

"आं?"

"पाणी आलंय म्हटलं."

"पानी तासभर ऱ्हातंय. ते दहा मिनिटांत जाईल."

ते म्हणजे उपग्रह. मी पाइप पिंपात सोडला, शेजारच्या काकूंना जरा बघायला सांगितलं आणि गुडघ्यावर हात टेकत गच्चीवर गेले. स्लॅब दिवसभर तापलेला होता, चपलेतूनही पायाला कळत होता. ह्यांच्या हातात तो छोटा रेडिओ होता, पोलिसांच्या कमरेला असतो तसा. ह्यांनी अँटेना माझ्या हातात दिली, पश्चिमेकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "तितनं निघणार. हळूहळू वर नेत जा."

मी हात वर केले. खाली पिंप भरून वाहायला लागल्याचं मला ऐकू येत होतं. ह्यांना येत नव्हतं.

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं, नाहीतर गच्चीवर अँटेना धरून उभी राहिलेली पन्नाशी उलटलेली बाई म्हणजे खूळच वाटायचं. बोळात काही जणांना तसं वाटतंही.

माझे यजमान मूळचे करमाळ्याकडचे. आयटीआय करून एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. माझी नोकरी सोलापुरात, शाळेच्या ऑफिसात. मुलाची शाळाही इथंच. त्यामुळं लग्नानंतरची बरीच वर्षं आमचा संसार सुट्टीच्या दिवसांचा होता. गळिताच्या हंगामात तर ती सुट्टीही धड मिळायची नाही. आले की ह्यांच्या शर्टाला मळीचा वास यायचा आणि हे दुपारभर झोपायचे. टर्बाइनच्या शेजारी उभं राहून बोलायची सवय, म्हणून घरातही मोठ्यानं बोलायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. कारखान्यातली सगळीच माणसं मोठ्यानं बोलतात.

तिथंच ह्यांना रेडिओचा नाद लागला. उसाच्या गाड्या उभ्या असतात त्या यार्डातून मिलकडं निरोप द्यायला वॉकीटॉकी असायचे आणि ते बिघडले की दुरुस्तीला ह्यांच्याकडं यायचे. पुढं एक इंजिनिअर तिथं आले. त्यांच्याकडं हौशी रेडिओचं लायसन होतं. सरकारी परीक्षा द्यायची, पास झालं की आपल्या नावावर इंग्रजी अक्षरांची एक खूण मिळते, मग जगात कुठंही असल्याच लायसनवाल्या माणसाशी आपल्या रेडिओवरून बोलायचं. फुकट, आणि धंद्याचं काही नाही. ह्यांनी चाळिशी ओलांडल्यावर पुस्तकं आणून अभ्यास केला. मुलगा दहावीचा आणि बाप रेडिओचा, असे दोघं सुट्टीत एकाच टेबलावर बसायचे. दोघंही पास झाले.

उपग्रहाचं निवृत्तीनंतर सुरू झालं. हातातल्या रेडिओचा आवाज एरवी गावाबाहेर जात नाही. पण हौशी लोकांसाठी म्हणून काही छोटे उपग्रह वर सोडलेले आहेत. खालून गेलेला आवाज ते झेलतात आणि तसाच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर खाली सोडतात. त्यामुळं सोलापूरच्या गच्चीवरून पुटपुटलेलं श्रीलंकेत ऐकू येतं, ओमानला ऐकू येतं. मात्र उपग्रह थांबत नाही. एका बाजूनं उगवतो, डोक्यावरून जातो, दुसऱ्या बाजूला बुडतो. दहा-बारा मिनिटं, जास्तीत जास्त. तेवढ्या वेळात सगळ्यांनी आपापलं उरकायचं. एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून प्रत्येकानं आपली खूण सांगायची, गाव नकाशावरच्या कुठल्या चौकोनात येतं ते सांगायचं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, आणि बाजूला व्हायचं.

अँटेना ह्यांनी घरीच केली. नळाच्या कामाचा प्लॅस्टिकचा पाइप, आणि त्यावर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे आडवे बसवलेले. मोजपट्टी माझी होती. पडद्यांची मापं घ्यायला म्हणून मी आणली होती, आणि पुढं पडदे अंदाजानंच शिवले.

सुरुवातीला हे एका हातात रेडिओ आणि एका हातात अँटेना घेऊन एकटेच उभे राहायचे. मग ह्यांचा डावा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि हात वर धरून ठेवायचं काम बंद करायला सांगितलं. त्या दिवसापासून अँटेना माझ्याकडं आली. मी काही हौसेनं वर गेले नाही. ह्यांना एवढं एकच करायचं होतं आणि त्याला एक हात कमी पडत होता, म्हणून गेले.

अँटेना वजनाला काही नाही, पण दहा मिनिटं हात वर धरून बघा. मनगट हळूहळू फिरवावं लागतं, कारण आवाज मध्येच बसतो आणि अँटेना थोडी तिरकी केली की परत उठतो. हे दुसरीकडं रेडिओचं बटण दाबत फ्रिक्वेन्सी थोडी थोडी खाली आणत असतात. गाडी जवळ येताना तिची शिट्टी बारीक लागते आणि लांब जाताना जाड, तसंच काहीतरी तिथं होतं असं ह्यांनी मला समजावलं होतं. उपग्रह दिसत काही नाही. आपण मोकळ्या आभाळाकडं अँटेना धरून उभं राहायचं आणि ह्यांच्या मोबाइलवरचा बाण सांगेल तसं वळायचं.

पहिल्यांदा नुसती खरखर येते. मला ती गरम वाळूत शेंगा भाजताना होते तशी वाटते. मग त्या खरखरीतून माणूस वर येतो. बोलतो, आणि परत खाली जातो. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मला ते बरं वाटलं होतं. थायलंडमधला कुणीतरी आपली खूण सांगत होता आणि त्याच्या मागं कोंबडा आरवत होता.

ह्यांना कमी ऐकू येतं हे मला त्या गच्चीवरच कळलं. घरात टीव्ही मोठा असायचा, हाक दोनदा मारावी लागायची, पण माणूस निवृत्त झाला की जरा आपल्याच नादात असतो, असं मी धरलं होतं. इतकी वर्षं लांब राहिल्यावर नवऱ्याची खोड कुठली आणि दुखणं कुठलं ते पटकन कळत नाही.

एका संध्याकाळी हे आपली खूण सांगून हाक घालत होते. श्रीलंकेतल्या एकानं लगेच उत्तर दिलं. ह्यांची खूण त्यानं बरोबर घेतली, आपली सांगितली आणि गप्प राहिला. ह्यांनी परत हाकच घातली. त्यानं पुन्हा उत्तर दिलं. ह्यांनी पुन्हा हाक घातली, ह्या वेळी त्याचं बोलणं चालू असतानाच, त्याच्यावरून.

"अहो, तो तुम्हालाच बोलतोय," मी म्हटलं.

"कोन?"

"श्रीलंकेचा. दोनदा बोलला."

ह्यांनी रेडिओ कानाला लावला. तोपर्यंत ओमानचा कुणीतरी मध्ये आला होता. मग स्वच्छ इंग्रजीत एक आवाज आला, "सोलापूरचे स्टेशन, कृपया आधी ऐका, मग बोला." त्यानंतर हिंदीत दुसरा कुणीतरी म्हणाला, "भाईसाब, सुनिए तो सही."

हे माझ्याकडं बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून ह्यांनी काय ओळखलं कोण जाणे. "काय म्हनला?" असं विचारलं.

"ऐका म्हणाला. आधी ऐका, मग बोला."

"सिग्नल लई बारीक हाय आज," हे म्हणाले आणि रेडिओ बंद केला.

नंतरही बरेच दिवस सिग्नलच बारीक होता. कधी इअरफोनची तार तुटली होती, कधी बॅटरी उतरली होती. हे स्पीकर इतका मोठा ठेवायला लागले की शेजारच्या काकू गच्चीच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी सगळे तेलुगू बोलतात, माझ्याशी मात्र मराठीतच बोलतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडं आता यंत्रमागाचा खडखडाट राहिला नाही म्हणून बरं वाटत होतं. तुम्ही हे नवीन काय चालू केलंय?" त्या हसत होत्या, पण पुढच्या वेळी त्यांनी खिडकी लावून घेतली.

मग रेडिओवाल्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला. उपग्रहावर बोलताना आधी ऐकावं, दुसऱ्यावर बोलू नये, दहा मिनिटं सगळ्यांचीच असतात, अशा अर्थाचा. नाव कुणाचं घातलेलं नव्हतं. भाषा अगदी सभ्य. हे जेवताना मोबाइल बघत होते. वाचायला ह्यांना काही अडचण नव्हती. वाचून झाल्यावर मोबाइल पालथा ठेवला आणि उरलेली भाकरी तशीच ठेवून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी अँटेना जिन्यातल्या खिळ्याला टांगलेली होती आणि रेडिओ कपाटात गेला होता.  खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. पाण्याच्या दिवशी पाणी भरता येत होतं, शाळेतून आले की दहा मिनिटं पाठ टेकता येत होती. पण हे दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहायला लागले. पेपर वाचायचे, मग तोच परत वाचायचे. मुलाचा पुण्याहून फोन आला की "हां, बरं, बरं" म्हणून माझ्याकडं द्यायचे. मुलगा मला विचारायचा, "बाबा चिडलेत का?" मी म्हणायचे, "नाही रे, त्यांना नीट ऐकू आलं नसेल." असं दोन-तीनदा म्हटल्यावर मलाच ते वाक्य ऐकू आलं.

कानाच्या तपासणीला हे यायला तयार नव्हते. मी चार दिवस तेच तेच बोलत राहिले आणि शेवटी कंटाळून हे आले. तिथं एक तरुण मुलगी होती. तिनं ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला हे बरोबर दाबत होते. मग तिच्या यंत्रावर दिवा लागायचा आणि हे नुसते समोर बघत बसलेले असायचे. नंतर दिवा नसतानाच ह्यांनी दोन-तीनदा बटण दाबलं. त्या मुलीनं वर बघितलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

बाहेर आल्यावर तिनं आलेख दाखवला. जाड आवाज ह्यांना येत होते, बारीक आवाज गेलेले होते. "काकांना कुणीतरी बोलतंय हे कळतं," ती म्हणाली, "पण काय बोलतंय ते कळत नाही. स, श, फ, ट, असे आवाज राहून जातात. मशिनरीजवळ बरीच वर्षं काम केलेल्यांचं असं होतं."

हे पुढं वाकले. "म्हंजे सिएरा? फॉक्सट्रॉट?"

तिला कळलं नाही. मला कळलं. रेडिओवर प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक शब्द असतो, म्हणजे ऐकण्यात चूक होऊ नये. एस म्हणजे सिएरा, एफ म्हणजे फॉक्सट्रॉट.

"त्यानंच मला ऐकू येत न्हाय," हे तिला म्हणाले. कुणापुढं ह्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं.

श्रवणयंत्र घेतलं. त्यानं सगळंच ऐकू यायला लागलं आणि हाच त्रास झाला. ताटात पडलेला चमचा, पंखा, बोळातून जाणारी रिक्षा, माझ्या बांगड्या. हे डोकं धरून बसायचे. रेडिओवर तर खरखरच मोठी व्हायची आणि तिच्यातला माणूस होता तेवढाच राहायचा. दोन महिन्यांत यंत्र डबीत गेलं. बँकेत किंवा कुणाच्या लग्नाला जायचं असेल तर हे ते घालतात, आल्यावर काढून ठेवतात.

अँटेना खिळ्यावरून खाली काढली ती मीच. ते बसलेलं माणूस मला बघवेना, एवढंच. शनिवार होता, मला अर्धा दिवस होता. मी म्हटलं, "वर चला. मी ऐकते आणि तुम्हाला सांगते. तुम्ही बोला."

"तुला ती अक्षरं कळायची न्हाईत."

"इतके महिने काय मी तिथं झोपले होते का?"

तसंच केलं. मी अँटेना धरायची, कान रेडिओच्या स्पीकरपाशी, आणि जे ऐकू येईल ते ह्यांच्याकडं तोंड करून सावकाश सांगायचं. हे माझ्या ओठांकडं बघत राहायचे. मग बटण दाबून उत्तर द्यायचे. त्यात क्षणभर उशीर व्हायचा. पहिल्या वेळी दोघा-तिघांची गडबड झाली, कुणी ना कुणी त्या फटीत शिरायचं. मग श्रीलंकेतल्या त्या गृहस्थानं विचारलं, सोलापूर, तुम्हाला उशीर का होतोय, सगळं ठीक आहे ना? मी ह्यांना ते सांगितलं.  ह्यांनी बटण दाबलं आणि शाळेत पाठ केल्यासारख्या इंग्रजीत म्हणाले, "माय वाइफ इज लिसनिंग फॉर मी. माय हिअरिंग इज वीक."

खरखर राहिली थोडी. मग तो म्हणाला, "कळलं. सोलापूरसाठी थोडी जागा ठेवा सगळ्यांनी."

मी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्यानंतर खरंच लोक थांबायला लागले. ह्यांनी खूण सांगितली की मध्ये एक मोकळी फट राहायची, आम्हा दोघांना पुरेल एवढी.

त्या हिवाळ्यात आम्ही बरेचदा वर गेलो. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरली होती, लांबून लाउडस्पीकर यायचे आणि मला उपग्रह आणि यात्रा वेगळी करून ऐकावी लागायची. हे खूश होते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की वहिनींनीही परीक्षा द्यावी. ह्यांनी ते मला वाचून दाखवलं. पुस्तकं घरातच आहेत, मी शिकवतो, म्हणाले.

मी नाही म्हटलं. "का?" विचारल्यावर मला पटकन सांगता आलं नाही.

आता सांगता येईल. मी फक्त गच्चीवर ऐकत नव्हते. दारावरची बेल मी ऐकायची, भाजीवाल्यानं सांगितलेला भाव मी परत सांगायचा, डॉक्टर बोलले की ते मी ह्यांच्याकडं तोंड करून पुन्हा बोलायचं, मुलाचा फोन आला की दोन्ही बाजूंनी मीच. टीव्हीवरच्या बातम्यांत काय म्हणाला, पाहुणे कशावर हसले, गॅसवाला आला का. शाळेत दिवसभर पालक खिडकीतून बोलत असतात, ते ऐकायचं, आणि घरी आलं की दोन माणसांचं ऐकायचं. कुणी माझ्यावर जुलूम करत नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की कानांनाही अंग असल्यासारखं वाटायचं, आणि ते दुखायचं.

मग प्रवेशाचे दिवस आले. सोलापूरचं ऊन तापलेलं, ऑफिसातला कूलर बंद पडलेला. एका आईनं आपल्या मुलीला प्रवेश मिळाला नाही म्हणून माझ्यासमोर खुर्चीवर बसून अर्धा तास रडून घेतलं. माझ्या हातात काही नव्हतं, मी नुसती ऐकत होते. घरी आले, चपला काढल्या, फरशीवरच बसले. वरून हाक आली.

"अगं, ये. चांगला डोक्यावरनं जानार हाय आज."

मी जिन्याच्या पायथ्याशी गेले. "आज नाही होणार मला."

"आं?"

"आज नाही. आज माझे कान संपले."

ह्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मी हात हलवला, एवढं ह्यांनी बघितलं. मग हे एकटेच वर राहिले, उजव्या हातात अँटेना आणि डाव्यात रेडिओ, छातीपाशी धरून.

मी खाली फरशीवर बसले होते आणि जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. ह्यांनी हाक घातली. श्रीलंकेच्या त्या गृहस्थानं उत्तर दिलं. अगदी स्पष्ट, नाव घेऊन, संध्याकाळच्या शुभेच्छा देऊन. मग गप्प राहिला. सगळेच गप्प राहिले, ह्यांच्यासाठी जागा ठेवून. ती जागा मला खालून ऐकू येत होती. मग ह्यांनी परत हाकच घातली. त्यानं परत उत्तर दिलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून. ह्यांनी परत हाक घातली.

मी उठले नाही. वर जायला दहा पायऱ्या होत्या. मला वाटत होतं उठावं आणि मी उठले नाही.

हे खाली आले, अँटेना टांगली, पाणी प्यायले. "आज कुनीच नव्हतं," म्हणाले.

"होते," मी ह्यांच्याकडं तोंड करून म्हटलं.

"कोन?"

"श्रीलंकेचे. तीनदा बोलले तुमच्याशी. बाकीचे थांबले होते."

हे समोर खुर्चीवर बसले. चिडतील असं मला वाटलं. मीही तयारीतच होते, माझ्याकडंही बोलायला पुष्कळ होतं.

"मग आली का न्हाईस?"

"दमले होते."

हे माझ्याकडं बघत राहिले. ओठांकडं नाही. मग म्हणाले, "व्हय. दमतीस तू." आणि उठून ह्यांनी कुकर लावला. तांदूळ धुतले नव्हते.

त्यानंतर आठवडाभर हे मोबाइल आणि रेडिओ घेऊन टेबलाशी बसलेले असायचे. मुलाशी मेसेजवर बोलणं चाललेलं होतं. मुलानं पुण्याहून एक तार पाठवली, रेडिओ मोबाइलला जोडायची. तेव्हा मला कळलं की काही उपग्रहांवरून बोलायच्या ऐवजी अक्षरंही पाठवता येतात. मोबाइलवर दोन शब्द लिहायचे, रेडिओ ते चिरचिर आवाज करून वर सोडतो, आणि ज्यांनी ते पकडून उत्तर दिलं त्यांची खूण आणि शब्द पडद्यावर उमटतात. त्यात ऐकायचं काहीच नसतं. अँटेनाही फारशी वर धरावी लागत नाही. जिथं जमेल तिथं ह्यांनी ती कठड्याला टेकवून ठेवायची सोय केली.

पहिल्यांदा पडद्यावर श्रीलंकेची खूण आली तेव्हा हे मोबाइल घेऊन खाली आले आणि मला दाखवला. "गुड इव्हनिंग सोलापूर," एवढंच होतं. मी वाचलं आणि "छान," म्हटलं. पीठ मळत होते, हात भरलेले होते.

"आवाज न्हाय त्याला," हे म्हणाले.

"हो."

"त्याचा आवाज कसा होता गं? जाड का बारीक?"

मी आठवून सांगितलं. वयस्कर माणूस असावा. सावकाश बोलतो, शेवटचा शब्द जरा ओढतो. मधूनमधून खोकतो. हे ऐकत होते आणि मान हलवत होते. एवढे दिवस हे त्याच्याशी बोलले होते, पण तो ह्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

आता असं चालतं. आठवड्याचे दिवस हे एकटेच वर जातात, अक्षरं पाठवतात, आलेली खाली आणून दाखवतात. मी शाळेतून आले की पाठ टेकते. सुरुवातीला ती दहा मिनिटं मला लाभली नाहीत, डोळे मिटून पडले तरी मी वरचं ऐकत राहायचे. हळूहळू ते गेलं. बेल आणि फोन आहेतच. त्याचं काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात यंत्राची सवय करा. हे म्हणतात करतो.

रविवारी, मला वाटलं तर, मी वर जाते. तसं ठरलेलं नाही. हे विचारत नाहीत, मीही आधी सांगत नाही. परवाच्या रविवारी गेले. ऊन उतरत होतं, समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळायला टाकलेल्या चादरी काढत होतं. ह्यांनी अँटेना दिली. उपग्रह फार वर येणार नव्हता, घरांच्या रांगेवरून खालूनच जाणार होता. मी हात वर धरला आणि ऐकत राहिले. खरखर, नुसती खरखर. एकदा कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं, पण ते बोळातलंच होतं.

"हाय का कोन?"

"नाही."

"बघ अजून."

मी मनगट फिरवलं, थोडं इकडं, थोडं तिकडं. ह्यांनी हाक घातली, मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ह्यांनी परत घातली. मोबाइलवरचा बाण खाली गेला आणि दिसेनासा झाला.

मी अँटेना खाली घेतली. ह्यांनी माझं मनगट धरून दोन्ही अंगठ्यांनी जरा चोळलं, कारखान्यात एखाद्या मशिनला हात लावावा तसं. मग आम्ही खाली उतरलो, आधी मी आणि मागून हे, कठडा धरत, कारण जिन्यातला दिवा गेलेला होता आणि तो बदलायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.